छोट्या लंकेचा कारागीर

अहमदाबाद येथे १८९२ साली भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती मांडण्यात आली होती. खरे नाट्यगृह बांधायचे झाल्यास ते कसे असावे, हे प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळावे, असा त्या प्रतिकृतीमागचा उद्देश होता. तिला सुवर्णपदक मिळाले. ती घडविणारा तरुण होता नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून तयार झालेला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. वय अवघे बाविशीच्या आसपासचे. त्या वेळी चित्रपट नावाची गोष्ट जगात अवतरलेली नव्हती. पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंचा तिकीट लावून झालेला पहिला खेळ अजून तीन वर्षे दूर होता.

दादासाहेब फाळके हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. मात्र या मोठ्या बिरुदामुळे फाळके यांच्या ठायी असलेला कारागीर काहीसा झाकला गेला. पुठ्ठा, लाकूड, रंग आणि कापड यांतून नगर उभे करणारा, आगकाड्यांना चालायला लावणारा, कुंडीतल्या रोपासमोर महिनाभर कॅमेरा मांडून बसणारा हा माणूस होता. लहान आकारात मोठे जग रचण्याची विद्या त्यांनी आयुष्यभर सांभाळली. या विद्येने त्यांना यश दिले आणि तिच्यापायी मोजावी लागणारी किंमतही त्यांनी पुरेपूर मोजली. त्यांचे चरित्र या अंगाने पाहिले, तर त्यातील अनेक वळणांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव तथा दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पूजापाठ, पुराणकथा आणि शास्त्राध्ययन यांचे वातावरण होते. मुलानेही शास्त्रीबुवा व्हावे, अशीच त्या काळच्या रीतीप्रमाणे अपेक्षा होती. परंतु धुंडिराजाचा ओढा चित्रकला, नाटक आणि जादूचे खेळ यांच्याकडे होता. पुढे दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. कुटुंब मुंबईला आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजाने सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला.

पुढच्याच वर्षी थोरल्या बंधूंबरोबर ते बडोद्याला गेले. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत बडोदे हे विद्या आणि कला यांचे आश्रयस्थान बनले होते. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे कलाभवन उभे राहिले. कला आणि उद्योग यांची फारकत होऊ नये, हा या संस्थेमागचा विचार. चित्र काढणाऱ्याने छपाईही शिकावी आणि यंत्र चालविणाऱ्याला रेषेचीही जाण असावी, असे हे शिक्षण होते. फाळके यांनी येथे तैलरंग आणि जलरंगांतील चित्रकला, वास्तुरचना, प्रतिकृती घडविणे आणि छायाचित्रण असे अनेक विषय आत्मसात केले. गज्जर यांनी या विद्यार्थ्याचे गुण हेरले आणि ठसे तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्यांना रतलामला धाडले. सुवर्णपदक मिळविणारी नाट्यगृहाची प्रतिकृती याच काळातली.

प्रतिकृती घडविणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, प्रमाण. खांबाची उंची, पायरीची रुंदी आणि दाराची चौकट एकाच मापाने लहान झाली नाहीत, तर पाहणाऱ्याच्या डोळ्याला लगेच खटकते. दुसरी, दृष्टीची जागा. पाहणारा कोठे उभा राहणार, हे आधी ठरवावे लागते, कारण सगळा देखावा त्या एका जागेसाठी रचला जातो. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना आणि गौरीपुढे आरास मांडणाऱ्या गृहिणींनाही ही दुसरी गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. नाटकाच्या नेपथ्यालाही ती लागू पडते आणि पुढे कॅमेऱ्याला तर ती शब्दशः लागू पडली.

पडदे, ठसे आणि केळफा

पदकाने मान मिळाला, पोट मात्र भरले नाही. १८९५ च्या सुमारास फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते गाव सोडून ते बडोद्याला परतले. फोटो काढला की माणसाची शक्ती निघून जाते, असा समज त्या काळी लोकांमध्ये होता. त्यामुळे तेथेही धंद्याने जोर धरला नाही. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्याचे काम त्यांनी पत्करले. याच सुमारास बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने त्यांनी जाहीर खेळही केले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. करंदीकरांच्या घरची गिरिजा ही सासरी सरस्वती झाली. पुढच्या वर्षी त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. पुरातन वास्तूंची छायाचित्रे घेणे आणि त्यांची रेखाटने करणे, हे त्यांच्या मूळ शिक्षणाला धरूनच होते. १९०६ मध्ये ही स्थिर नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छपाईचा आणि ठसे तयार करण्याचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयाची कामे तेथे होत. नंतर हा व्यवसाय दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून नावारूपाला चढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. कामाचा दर्जा वाखाणला जात असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि आपणच उभारलेल्या कारखान्यातून ते बाहेर पडले. असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार होता.

चाळिशीच्या उंबरठ्यावर हातात धंदा नाही, संसाराचा भार वाढलेला आणि मन विषण्ण, अशी ही अवस्था होती. मात्र नाट्यगृहाची प्रतिकृती, रंगविलेले पडदे, काचेवरचे आणि धातूवरचे ठसे, दृष्टिभ्रमाची जादू या सगळ्या वाटा एका ठिकाणी मिळण्याची वेळ जवळ आली होती.

कुंडीतला अंकुर

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळके यांना आपल्या देवादिकांच्या कथा पडद्यावर आणण्याचा ध्यास लागला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांनी मिळतील ते चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. रात्र रात्र प्रयोग केले. अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना साह्य केले, तर सेसिल हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ दाखविला. विल्यमसन कॅमेरा घेऊन ते एप्रिलमध्ये परतले.

आता प्रश्न भांडवलाचा होता. चित्रपट म्हणजे काय, हे ठाऊक नसलेल्या सावकाराला पैसे कशाच्या भरवशावर मागायचे? फाळके यांनी शोधलेला मार्ग त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला आणि रोज ठरावीक पद्धतीने त्याची थोडीथोडी चित्रे घेतली. सुमारे महिनाभराने ती सलग दाखविली, तेव्हा बी रुजून, अंकुर फुटून, वेल वर चढत असल्याचे दृश्य पाहणाऱ्यांना मिनिटभरात दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत पाहून धनिकाचे मन वळले आणि कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही तारण म्हणून दिले.

या प्रयोगाचे महत्त्व पैसे मिळण्यापुरते नाही. काळ हासुद्धा लहान करता येतो, हे फाळके यांना येथे उमगले. प्रतिकृती घडविणारा जागा आटवतो. कॅमेऱ्यापुढे बसलेल्या या कारागिराने महिना आटवून मिनिटात बसविला. त्याच्या आधी मातीत हात घालून, रोपाला जपून, एकही दिवस न चुकविता बसण्याचा संयम मात्र त्याला पुरवावा लागला.

त्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. दादरच्या घराजवळ उभारलेल्या स्टुडिओत राजवाड्याचे देखावे रचले गेले. पडदे रंगविणे, पोशाख, रंगभूषा, कथा, दिग्दर्शन, फीत धुणे आणि जोडणे या सगळ्यांवर फाळके यांचाच हात फिरला. सरस्वतीबाई कच्च्या फितीला कडेने भोके पाडीत, रसायने कालवीत, चित्रणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश वळविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही पाहत. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांसमोर आला.

पंचवटीच्या गावी

यशानंतर त्याच वर्षी फाळके यांनी आपला मुक्काम नाशिकला हलविला. जन्मगाव जवळ, गोदावरीचे घाट, जुनी देवालये, डोंगर, लेणी आणि मोकळा प्रकाश, असे पौराणिक चित्रपटाला हवे ते सारे येथे हाताशी होते. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट येथूनच पुढे आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी काम केले आणि स्त्रियांनी पडद्यावर येण्याचा पायंडा पडला.

१९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तंत्राचे कौतुक झाले, तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. परंतु नाशिकला आपली माणसे ठेवून परदेशी राहणे त्यांना मानवले नाही. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले आणि परतल्यावर भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढणे अवघड झाले. या अडचणीच्या वर्षांत त्यांनी लहान फिती काढण्याचे काम सोडले नाही.

आगकाड्यांची मौज

मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखविण्यासाठी फाळके यांनी बऱ्याच लहान फिती तयार केल्या. त्यात गोदावरीची दृश्ये, उत्सव, तळेगावचा काचकारखाना असे विषय आहेत. शिवाय प्रोफेसर केळफा यांची जादूही तेथे पुन्हा अवतरली. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या फिती तीन. १९१५ च्या सुमाराची ‘आगकाड्यांची मौज’, नाण्यांचा खेळ असलेली ‘लक्ष्मीचा गालिचा’ आणि निर्जीव वस्तूंना हालचाल देणारी ‘विचित्र शिल्प’. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्यांचा असा चित्रपट केला होता. फाळके यांनी तीच कल्पना नाशिकमध्ये आपल्या हाताने करून पाहिली.

अशी फीत कशी तयार होते, हे समजून घेण्याजोगे आहे. टेबलावर काड्या मांडायच्या. एक चित्र घ्यायचे. काड्या केसभर सरकवायच्या. पुन्हा एक चित्र घ्यायचे. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून जात, असे धरले तर एका मिनिटाच्या खेळासाठी ९६० चित्रे लागतात. म्हणजे ९६० वेळा काड्यांना हात लावायचा आणि प्रत्येक वेळी आधीची जागा आणि पुढची जागा डोळ्यांत ठेवायची. मध्येच टेबलाला धक्का लागला, ऊन सरकले किंवा एखादी काडी भलतीकडे गेली, तर तोवरचे काम वाया जाण्याची भीती. खर्च म्हणाल तर काडेपेट्यांचा आणि फितीचा. खरा खर्च वेळेचा आणि डोळ्यांचा. ज्यांची दृष्टी काही वर्षांपूर्वी जाता जाता वाचली होती, त्यांनी हे काम हौसेने अंगावर घेतले, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे हालत्या चित्रांचे आणि बाहुल्यांचे चित्रपट भारतात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. त्यांचा इतिहास लिहिताना आरंभी नाशिकच्या या आगकाड्यांचा उल्लेख करावाच लागतो.

लंका जळाली

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. रामायणात ज्या पंचवटीला मानाचे स्थान आहे, ती पंचवटी ज्या गावात आहे, त्याच गावी राहून फाळके यांनी लंका उभी करण्याचे ठरविले. मुळात ही कथाच आकारांच्या खेळाची. सूक्ष्म रूप घेऊन हनुमान लंकेत शिरतो, प्रसंगी पर्वतप्राय होतो आणि शेपटीच्या आगीने सोन्याची नगरी जाळतो. हे सारे कीर्तनात शब्दांनी आणि चित्रात रंगांनी दाखविता येत होते. पडद्यावर ते घडताना दाखवायचे म्हणजे नगरीही हवी आणि आगही.

यासाठी फाळके यांनी दोन उपाय योजले. नगरीच्या लहान प्रतिकृती तयार करून त्या जाळल्या आणि त्यांच्या जोडीला पूर्ण आकाराचे दोन सेटही आगीच्या स्वाधीन केले. दोन्हींची आवश्यकता का भासली असावी, हे या कलेतील जाणकाराला लगेच कळेल. प्रतिकृतीत सारी नगरी एका नजरेत मावते, शिखरे आणि तटबंदी दूरवर दिसतात. परंतु घर कितीही लहान केले तरी ज्योत त्या प्रमाणात लहान होत नाही. पाण्याचा थेंबही होत नाही. वीतभर उंचीच्या गोपुरावर नेहमीची ज्वाला उठली की ती गोपुराच्या दुप्पट दिसते आणि सोंग उघडे पडते. म्हणून आग आणि पाणी ही दोन तत्त्वे प्रतिकृती करणाऱ्यांची आजही परीक्षा पाहतात. त्यावर एक उपाय म्हणजे जवळून दिसणाऱ्या आगीसाठी मोठा सेट आणि दूरच्या दृश्यासाठी प्रतिकृती, अशी सांगड घालणे. ही सांगड नीट बसली तर प्रेक्षकाच्या मनात एकच अखंड नगरी जळते.

शिवाय जाळण्याचे काम एकदाच करता येते. नट चुकला तर तो प्रसंग पुन्हा घेता येतो. जळून गेलेली लंका मात्र पुन्हा बांधावी लागते. हाताने कॅमेरा फिरविण्याच्या त्या दिवसांत, चित्र बरोबर आले की नाही, हे फीत धुतल्यावरच कळे. कित्येक दिवसांचे काम काही क्षणांत राख होणार आणि त्या राखेचे मोल अंधाऱ्या खोलीत ठरणार, हा जुगार फाळके यांनी डोळसपणे खेळला.

तो फळाला आला. अण्णा साळुंके यांनी या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तर हनुमान गणपत शिंदे यांनी साकारला. मुंबईत गिरगावच्या वेस्ट एंड चित्रपटगृहावर गर्दी लोटली. पडद्यावर प्रभू रामचंद्र दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवीत, असे वर्णन आढळते. मद्रासेत जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, ही आठवणही चित्रपटसृष्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समोर दिसते ती पुठ्ठ्याची आणि लाकडाची नगरी आहे, हा विचार त्या प्रेक्षकांच्या मनाला शिवला नाही.

वेळेचा हिशेब

‘लंकादहन’च्या यशाने भांडवलदारांची दृष्टी नाशिककडे वळली. वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह १९१८ च्या आरंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ हे चित्रपट आले. दोन्हींत बाळकृष्ण झाली ती फाळके यांची कन्या मंदाकिनी. ‘कालियामर्दन’मध्ये पाण्याखाली होणारे कृष्ण आणि कालिया यांचे युद्ध आजही पाहता येते. नाग बनावट आहे, हे आजच्या प्रेक्षकाच्या लक्षात येते. तरीही त्या प्रचंड धुडाशी झुंजणारी चिमुरडी पोर पाहताना मन गुंतते, कारण लहान आणि मोठे यांची तुलना डोळ्यांसमोर ठेवण्याचे कसब तेथे पणाला लागले आहे.

मात्र याच काळात कंपनीत कुरबुरी वाढल्या. भागीदारांना चित्रपट ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात आणि मोठ्या संख्येने हवे होते. फाळके यांना प्रत्येक दृश्य मनाजोगते होईपर्यंत हातावेगळे करावेसे वाटत नसे. आज मागे वळून पाहताना कोणा एका बाजूला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. पैसा गुंतविणाऱ्याला महिन्याचा हिशेब लागतो. देखावा रचणाऱ्याच्या कामाचे तास मात्र वहीत मावत नाहीत. तटाला शेवटचा हात फिरवायचा की नाही, यावरून पडद्यावर किती फरक पडणार, हे ज्याने तो हात फिरविला त्यालाच ठाऊक असते. छपाईच्या कारखान्यात झाले तेच येथेही झाले. फाळके कंपनीतून बाहेर पडले आणि काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नाट्यगृहाची प्रतिकृती करणारा माणूस मनाला विसावा हवा तेव्हा पुन्हा रंगभूमीकडेच वळला.

१९२२ मध्ये ते नाशिकला आणि कंपनीकडे परतले. त्यानंतरही त्यांच्या हातून चित्रपट होत राहिले, पण मालकी आणि निर्णय पूर्वीसारखे त्यांचे राहिले नाहीत. दरम्यान तंत्र झपाट्याने बदलत होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि १९३२ चा ‘सेतुबंधन’ हा मूकपट म्हणून तयार झालेला चित्रपट जन्मतःच जुना ठरला. त्याला नंतर आवाज जोडण्यात आला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला, १९३७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. आग जशी लहान होत नाही तसे पाणीही होत नाही, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी निवडलेली कथा होती ती स्वर्गातून उतरणाऱ्या गंगेची!

येथे फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांची आठवण होते. तेही जादूगार, तेही पडदे रंगविणारे, तेही प्रतिकृतींतून चंद्रलोक उभा करणारे. उतारवयात ते पॅरिसच्या माँपार्नास स्थानकात खेळण्यांचे दुकान चालवीत. हताश होऊन आपल्या फिती त्यांनी स्वतःच जाळून टाकल्या होत्या. दोन देशांतल्या या दोन कारागिरांनी चित्रपटाला स्वप्ने पाहायला शिकविले आणि चित्रपटाचा धंदा झाल्यावर दोघेही त्याच्या काठावर राहिले. फाळके यांचे अखेरचे दिवस नाशिकलाच गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, तो तोवर कोट्यवधींचा झाला होता. फाळके मात्र शेवटी अडचणीतच होते.

काय उरले

फाळके यांच्या नावे सुमारे ९५ चित्रपट आणि २७ लघुपट सांगितले जातात. त्यांपैकी आज हाती आहे ते फारच थोडे. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग, ‘लंकादहन’चा एक तुकडा, ‘श्रीकृष्णजन्म’चा काही अंश आणि बऱ्यापैकी सलग असा ‘कालियामर्दन’. चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणाऱ्या त्यांच्या फितीचाही काही भाग उरला आहे. त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी हे धन जमविण्यासाठी अपार कष्ट घेतले. त्या काळची नायट्रेटची फीत सहज पेट घेणारी. ज्या फितीवर लंकेची आग उतरली, ती फीतच आगीला भिऊन राहणारी होती.

आगकाड्यांचा खेळ उरला नाही. जळालेल्या लंकेचे तर काही उरण्याचा प्रश्नच नव्हता. प्रतिकृती घडविणाऱ्यांच्या वाट्याला हे भाग्य बहुधा येतेच. गणेशोत्सवातील देखावा अनंत चतुर्दशीनंतर उतरविला जातो. दिवाळीचा किल्ला पोरे स्वतःच फटाके लावून उडवितात. मात्र त्या देखाव्यांत कोणाचे हात किती राबले, याची नोंद घेण्याची सवय आपल्याला फारशी नाही. केंद्र सरकारने १९६९ पासून फाळके यांच्या नावे चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला, १९७१ मध्ये टपाल तिकीट काढले. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. हे सारे योग्यच झाले. परंतु या सन्मानांत दिग्दर्शक आणि निर्माते फाळके दिसतात. पुठ्ठा कापणारे, मापे घेणारे, काड्या सरकविणारे फाळके दिसत नाहीत.

ते पाहण्याचा एक मार्ग मात्र कोणालाही खुला आहे. घरातले टेबल, काडेपेटी आणि हातातला मोबाइल एवढ्या साहित्यावर शाळकरी मुलांनाही एका मिनिटाची फीत करून पाहता येईल. फाळके यांना फीत धुऊन होईपर्यंत थांबावे लागे, तसे आज थांबावे लागत नाही. काड्या मात्र आजही एकेक करूनच सरकवाव्या लागतात. येत्या ३० एप्रिलला नाशिकच्या शाळांनी एवढा एक प्रयोग मुलांकडून करून घेतला, तर शंभराव्या चित्रापाशी पोहोचेपर्यंत मुलांना दादासाहेब फाळके बऱ्यापैकी समजलेले असतील.